पिठातल्या किड्याची साक्ष

आमच्या गल्लीत एका घरी तिसरी मुलगी झाली तेव्हा पेढे राहोत, साखरसुद्धा वाटली गेली नाही. सासूबाईंनी सुनेशी बोलणे टाकले. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांतले टोमणे त्या बिचारीने मुकाट्याने ऐकले. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. पण मुलगा की मुलगी हे ठरते कसे, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून बसला. त्याचे उत्तर शोधताना ग्रंथालयात ज्या बाईंची ओळख झाली, त्यांची ही हकीकत.

नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात, कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील सुतार. आई लहानपणीच वारली. त्या काळी शिकलेल्या मुलीला शिक्षिकेच्या नोकरीखेरीज फारसा मार्ग नव्हता. त्यांनी तोच धरला. मधल्या काळात वेस्टफील्डच्या अध्यापन विद्यालयातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. पुढे अनेक वर्षे शिकवणे चालूच होते. आणि १८९६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले! तेथून बी. ए., एम. ए., मग ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात संशोधन आणि १९०३ मध्ये डॉक्टरेट. तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. पैशाची ओढाताण होतीच. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेचे साहाय्य मिळाले, तेव्हा कुठे पूर्णवेळ सूक्ष्मदर्शकापुढे बसता आले.

लिंग कशावरून ठरते याविषयी तेव्हा विद्वानांतही एकमत नव्हते. गर्भाला मिळणारे अन्न, हवेतील उष्णता अशी कारणे सांगितली जात. पेशीतील गुणसूत्रांचा याच्याशी संबंध असावा अशी शंका काहींना आली होती. पण पुरावा अपुरा होता.

स्टीव्हन्सबाईंनी पिठात होणारा टेनेब्रिओ नावाचा किडा घेतला आणि त्याच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली. मादीत २०, सगळी मोठी. नरातही २०च, पण १९ मोठी आणि एक अगदी लहान. आम्हा वाणिज्यवाल्यांना हा हिशेब चटकन समजतो. अंड्यात निम्मी जातात, म्हणजे नेहमी १० मोठीच. शुक्रजंतू मात्र दोन तऱ्हेचे होतात : निम्म्यांत १० मोठी, निम्म्यांत ९ मोठी आणि ते लहानगे. पहिल्या तऱ्हेचा शुक्रजंतू अंड्यास मिळाला तर २० मोठी, म्हणजे मादी; दुसऱ्या तऱ्हेचा मिळाला तर नर. फरक आहे तो बापाच्या बाजूने आलेल्या गुणसूत्रात. आईच्या खात्यावर त्याची नोंदच नाही! हा निबंध १९०५ साली प्रसिद्ध झाला. माणसातही मूळ हिशेब हाच असल्याचे पुढे सिद्ध झाले.

पण याच वेळी बाईंच्या टेबलावर आणखी एक कीटक होता, आणि त्याचा मेळ बसेना. तो म्हणजे मावा. शेतकऱ्यांच्या घरात मावा कोणाला ठाऊक नाही? पिकावर पडला की पाने चिकट होतात. थंड देशांत त्याची तऱ्हा अशी : वसंतापासून माद्याच माद्या, आणि त्या नरावाचून पिलांना जन्म देतात. थंडीच्या तोंडावर नर जन्मतात, तेही बापाविना. मग मीलन होते, अंडी घातली जातात, आणि हिवाळा सरल्यावर त्यांतून निघतात त्या सर्व माद्या! नव्या सिद्धांताप्रमाणे निम्मे नर निघायला हवे होते. माव्यावरील निबंधासाठी त्यांना १९०५ मध्ये एक हजार डॉलरचे एलेन रिचर्ड्स पारितोषिक मिळाले खरे, पण नराचे वेगळे गुणसूत्र त्यांना त्यात सापडले नव्हते.

दुसरा कोणी असता तर पारितोषिक घेऊन गप्प बसला असता. बाईंनी मावा पुन्हा तपासला आणि १९०९ मध्ये, नरात एक गुणसूत्र जोडीविना असते, असे स्वतःच छापून आपली चूक सुधारली. कोड्याचा उरलेला भाग त्याच सुमारास फॉन बेअर यांनी माव्यात आणि टॉमस हंट मॉर्गन यांनी त्याच्या जवळच्या कीटकांत उलगडला. नराच्या पेशीचे विभाजन होताना ते एकटे गुणसूत्र ज्या भागात जाते तोच जगतो; दुसरा भाग सुकून नाहीसा होतो. मुलगे देणारे शुक्रजंतू तयारच होत नाहीत. सिद्धांत खोटा नव्हता, निम्मी रक्कम वाटेतच बुडत होती.

एडमंड विल्सन हेही १९०५ मध्ये स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले होते. ते नामांकित प्राध्यापक. पुस्तकांतून पुष्कळदा त्यांचेच नाव पुढे राहिले. मॉर्गन हे बाईंचे ब्रिन मॉरमधील गुरू. प्रारंभी त्यांना स्वतःलाच गुणसूत्रांचे हे म्हणणे पटत नव्हते. पुढे १९३३ साली गुणसूत्रांवरील कामासाठीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रिन मॉर महाविद्यालयाने बाईंसाठी संशोधन-प्राध्यापकाचे पद मुद्दाम निर्माण केले होते. ते स्वीकारण्यापूर्वीच, ४ मे १९१२ रोजी, स्तनाच्या कर्करोगाने बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ५०. संशोधनाला मिळालेली वर्षे जेमतेम बारा. तेवढ्यात त्यांनी सदतीस-अडतीस निबंध लिहिले.

आमच्या गल्लीतली ती तिसरी मुलगी यंदा बालवाडीत जाते. तिच्या आजीला मी पिठातल्या किड्याची गोष्ट सांगितली. आजींनी ऐकून घेतली, आणि पिठाचा डबा उघडून पाहिला.