डॉ. ल्युसी विल्स आणि निळी गोळी

शासनाकडून आलेली निळी गोळी आपल्याला आठवड्यातून एकदा मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. लोह सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसऱ्या द्रव्यामागे मात्र एका इंग्रज स्त्रीचे मुंबईतले परिश्रम आहेत. काही मुली गोळी खिशात घालून घरी नेतात, हे आम्ही जाणतो. त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

ल्युसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. परीक्षा दिली तरी स्त्रियांना तेथे तेव्हा पदवी मिळत नसे! पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे काम सुरू झाले. कापड गिरण्यांतील गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत. कित्येकजणी बाळंतपणात दगावत. विल्स यांनी प्रथम जंतूंचा शोध घेतला, तो व्यर्थ गेला. मग त्यांनी या बायका काय जेवतात हे पाहिले. आमच्या मते खरी डॉक्टरकी येथेच दिसली. ज्यांच्या ताटात भाजी, फळे, दूध जवळजवळ नव्हते, त्यांनाच हा रोग अधिक होता.

तसाच निकृष्ट आहार उंदीर व माकडांना देऊन प्रयोग झाले. एक माकड फारच खंगले होते, त्याला मार्माइट दिले आणि ते झपाट्याने सुधारले. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा अर्क, अगदी स्वस्त वस्तू. मग रोगी स्त्रियांनाही तो दिला आणि त्यांचे रक्त भरून आले. १९३१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले गेले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून ते फॉलिक अ‍ॅसिड. विल्स यांचे द्रव्य त्याच जातीचे निघाले. पालक, मेथी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत ते निसर्गतः असते, परंतु ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्याने नष्ट होते. तेव्हा माता-भगिनींनी पालेभाजी उकडून तिचे पाणी ओतून देऊ नये. भाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यानंतर नाही. गोळी मात्र जेवणानंतर घ्यावी, रिकाम्या पोटी मळमळ होऊ शकते.

विल्स यांनी विवाह केला नाही. लंडनच्या रुग्णालयात सहकारी मोटारीने येत, त्या सायकलने येत. डोंगर चढण्याची त्यांना भारी हौस होती. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी येथे जाऊन त्यांनी आहार व पंडुरोगाचाच अभ्यास केला. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या लंडनमधील चेल्सीच्या नगरसेविका होत्या.