लक्ष्मीबाईंचे निर्भय दिवस

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन भरले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूची ह्या पदावर निवड व्हावी, ह्यास काही मंडळींनी आक्षेप घेतला होता; संमेलन मात्र पार पडले. संमेलननगरीस नाव दिले होते तेरच्या गोरोबाकाकांचे. चिखल तुडविता तुडविता विठ्ठलाचे नाम घेणाऱ्या कुंभाराच्या नावाने उभारलेल्या मांडवात, बायबल सुबोध मराठीत आणणारा धर्मगुरू अध्यक्ष म्हणून बसला, ह्यात विसंगती कोणती? दोघांचीही भाषा एकच, आणि रोजच्या कामातच देव भेटतो ही धारणाही एकच.

फादर दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्या वादाचा धुरळाही आता खाली बसला आहे. अशा वेळी एक प्रश्न शांतपणे विचारण्याजोगा वाटतो. ख्रिस्ती श्रद्धेने मराठी माणसाच्या घरात, त्याच्या चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी नेमके काय घडविले? धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा संख्येची आणि राजकारणाची होते. दिनक्रमाची होत नाही. दिनक्रमाच्या अंगाने उत्तर शोधावयाचे तर मराठीत एका बाईचे आयुष्य आपल्यासमोर आहे. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे.

'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीचे भूषण आहे, ह्याविषयी दुमत नाही. त्याचे उतारे शाळेत शिकविले जातात, त्याची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. परंतु ह्या पुस्तकाचा गौरव करताना आपण एक सोयीस्कर विभागणी करतो. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची घरगुती भाषा, त्यांचा सोशिकपणा हे सारे आपण आपले म्हणून घेतो. त्यांची श्रद्धा मात्र नवऱ्यामुळे ओढवलेला एक कौटुंबिक प्रसंग म्हणून बाजूस ठेवतो. ही विभागणी टिकणारी नाही. त्यांची प्रसन्नता आणि त्यांची श्रद्धा ही एकाच झाडाची फुले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूर ह्या गोदाकाठच्या खेड्यातला. माहेरचे घराणे गोखल्यांचे. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी गेली होती. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता आणि मीठही त्यास अपवाद नव्हते. मीठ धुतल्यावर हाती काय उरत असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. राज्यकर्त्यांच्या दहशतीने एका गृहस्थाच्या मनात शिरलेली भीती अशा रीतीने स्वयंपाकघरात येऊन बसली आणि घरातील प्रत्येक जिनसेला चिकटली.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून ह्या प्रसंगाकडे पाहताना मला एक गोष्ट विशेष जाणवते. त्या सोवळ्याचा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नव्हता. पाणी वाहायचे बायकांनी, धुवायचे बायकांनी, पुन्हा पुन्हा स्नान करायचे बायकांनी आणि चुकले तर बोलणी खायची तीही त्यांनीच. वस्तूंची नासाडी निदान डोळ्यांना दिसे. श्रमाची नासाडी दिसत नसे. आणि सर्वांत मोठी नासाडी होती ती दिवसाची. धान्य, पाणी, शेजारीण, दाराशी आलेला पाहुणा ह्यांपैकी कशाचाही निर्भेळ आनंद अशा घरात घेता येत नव्हता, कारण प्रत्येक स्पर्शामागे विटाळाचे भय उभे होते. सामान्य दिवस कंटाळवाणा असतो असे आपण म्हणतो. त्या घरात तो भयभीत होता.

१८८० साली, वयाची बारा वर्षे पुरी होण्याआधीच अथवा होता होता, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक हे जातिवंत कवी, बुद्धिमान, उदार आणि तितकेच शीघ्रकोपी व चंचल. एका गावी, एका नोकरीत त्यांचे मन रमत नसे. हाती पैसा आला की वाटेत भेटलेल्या गरजूच्या हाती जाई. अशा माणसाचा संसार करणे म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेवर विसंबून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना कल्पनेतही न झेपणारी गोष्ट. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना अक्षरओळख मात्र ह्याच पतीने करून दिली. काही अपत्ये बालपणीच गेली. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू, म्हणजे पुढे देवदत्त, वाचला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशी त्यांची धारणा होती आणि ती प्रामाणिक होती. परंतु ज्या स्त्रीच्या आयुष्याची दिशा ह्या निर्णयाने पालटणार होती, तिची संमती घेण्यात आली नव्हती. हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यांतला बराच काळ पंढरपुरास, आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच गेला. त्या दुःखातच त्यांच्या तोंडून कविता उमटू लागली. श्रद्धेने त्यांना आनंद दिला हे खरे असले, तरी त्या श्रद्धेची पहिली भेट त्यांना घोर दुःखाच्या रूपाने झाली, हेही तितकेच खरे आहे.

अखेर त्या टिळकांकडे नगर जिल्ह्यात गेल्या, पण धर्म न सोडता. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळेही वेगळे. नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू, असा तो संसार काही काळ चालला. टिळकांनीही बळजबरी केली नाही, हे त्यांच्या पदरी घातले पाहिजे. मग राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनाने एक प्रश्न हाती घेतला. जाती देवाने केल्या की माणसांनी? हा प्रश्न त्यांनी कोणा मिशनऱ्याच्या प्रवचनातून घेतला नव्हता. पशुपक्ष्यांकडे, माणसांकडे पाहून त्यांनी स्वतःच विचार केला आणि जाती माणसांनीच केल्या असल्या पाहिजेत, असा स्वतःच निर्णय दिला. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० च्या सुमारास.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ख्रिस्ती धर्म सिद्धान्ताच्या दाराने आला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराने आला. ज्या घागरीपाशी बालपणी भय बसलेले होते, तेथून ते भय उठले आणि त्या रिकाम्या झालेल्या जागी प्रसन्नता येऊन बसली. 'स्मृतिचित्रां'तला विनोद ह्या निर्भयतेचे फळ आहे. वडिलांचे सोवळे, नवऱ्याचा तापटपणा, स्वतःची फजिती ह्यांकडे त्या ज्या मोकळेपणाने पाहतात, तो मोकळेपणा भ्यालेल्या माणसास साधत नाही. भ्यालेला माणूस दुसऱ्याला हसतो. निर्भय माणूस प्रथम स्वतःला हसतो.

ह्या आनंदाची परीक्षाही लगेच झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातला अत्यंत भीषण दुष्काळ. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला अथवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला, त्या मराठवाड्यातील वाचकांना त्या दिवसांचे निराळे वर्णन करण्याची गरज नाही. त्या काळात टिळकांच्या घरी अनाथ मुले आली आणि लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. त्यांची जात कोणती, हा प्रश्न आता उरला नव्हता. त्यांना भूक किती, एवढाच प्रश्न होता. प्लेगच्या साथीत माणसे स्वतःच्या आप्तांच्या अंगाला हात लावावयास धजत नव्हती, त्या वेळी ह्या दांपत्याने रोग्यांची शुश्रूषा केली. मिठाच्या खड्यालाही भिणाऱ्या घरातली मुलगी प्लेगच्या रोग्याच्या अंथरुणाशी बसली. एका पिढीत एवढे अंतर कापले गेले, ह्यास चमत्कार म्हणावयाचे असेल तर जरूर म्हणावे.

पुढे कवी बालकवी ठोमरे ह्यांनाही ह्याच घराची माया लाभली. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' काढला. वेतन सोडणे ही कवीच्या दृष्टीने मुक्ती असेल. गृहिणीच्या दृष्टीने तो पुढच्या महिन्याच्या वाणसामानाचा प्रश्न असतो. लक्ष्मीबाईंनी दारिद्र्याचे स्तोत्र कधी गायिले नाही. त्या नवऱ्याशी भांडल्या, रुसल्या, हिशेब मागत राहिल्या. श्रद्धा म्हणजे मुकाट्याने सोसणे असा अर्थ त्यांनी केला नाही, ही गोष्ट आजच्या वाचकांनी विशेषेकरून नोंदवावी. समाधान आणि शरणागती ह्यांत फरक आहे, आणि तो त्या पुरेपूर जाणत होत्या.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले, काही काळ मुलाबरोबर कराचीस काढला आणि अखेरीस नाशिकला वास्तव्य केले. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. शाळेत न गेलेल्या ह्या बाईने त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. मुलाच्या आग्रहावरून आठवणी लिहावयास घेतल्या, त्या १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपाने निघाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. शेवटचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

येथे एक आक्षेप येईल. ख्रिस्ती झाल्याने जात खरोखर जाते काय? जात नाही. ख्रिस्ती समाजातही जातीची जाणीव टिकून राहिली, हे इतिहास सांगतो. शिवाय विटाळाचे भय सोडावयास ख्रिस्ती व्हावेच लागते असेही नाही. संतांच्या मांदियाळीतून, सत्यशोधकांच्या चळवळीतून आणि पुढे आंबेडकरांच्या लढ्यातून हाच मार्ग अनेकांनी अनेक परींनी चोखाळला. म्हणून लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून कोणत्याही एका धर्माचे प्रमाणपत्र काढू नये. परंतु दुसऱ्या बाजूने, त्यांना ही निर्भयता ख्रिस्ताच्या ठायी लाभली, हे त्यांचे स्वतःचे सांगणे आहे, आणि ते वगळून त्यांच्या विनोदाचा गौरव करणे हाही एक प्रकारचा विटाळच मानणे होय. त्यांचे पुस्तक घ्यावयाचे आणि श्रद्धा धुऊन घ्यावयाची, हे त्यांच्या वडिलांच्या मीठ धुण्यासारखेच आहे.

आमच्या शास्त्रात माणसाचे कल्याण उत्पन्नावरून मोजण्याची रीत आहे, आणि ती अगदीच निरुपयोगी नाही. पोट भरल्यावाचून प्रसन्नता टिकत नाही, हे दुष्काळी मुलखातल्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही. तथापि, उत्पन्न वाढूनही ज्यांचा दिवस भयात जातो अशी माणसे आपण रोज पाहतो. शेजारी कोण राहावयास आला, मुलीच्या मैत्रिणी कोणत्या, डब्यातली भाजी कोणाच्या घरची, ह्या चिंतांनी शिक्षकाचा आणि कारकुनाचाही दिवस अजून पोखरला जातो. सोवळ्याने कपडे बदलले आहेत. ते पुरते गेलेले नाही. आनंद मिळविण्यासाठी दिवसात काहीतरी नवी भर घालावी लागते, अशी आपली समजूत आहे. लक्ष्मीबाईंचे आयुष्य निराळे सांगते. दिवसातून एक भय वजा करावे लागते. मग मीठ हे मीठच लागते आणि पाणी हे पाणीच लागते.