धावपटूंचे पाठीराखे : सर दोराबजी टाटा

शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की तुम्ही रोज मैदानावर धावण्याचा सराव करता. मनात पहिल्या क्रमांकाची आशा असते. पण शर्यतीच्या दिवशी कधी दम लागतो, कधी पाय साथ देत नाहीत आणि तुम्ही मागे पडता. घरी परतताना वाटते, की आता पुन्हा मैदानावर जायला नको. अशा वेळी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला सर दोराबजी टाटा यांच्या जीवनात सापडेल.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. थोर उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. तरुणपणी शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठात ते दोन वर्षे होते. तेथे त्यांना खेळांची गोडी लागली. १८७९ मध्ये ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे वडिलांच्या व्यवसायात काम करतानाही खेळांचे वेड कमी झाले नाही. मुंबईतील शाळांमध्ये क्रिकेटचे आणि धावण्याचे सामने भरावेत, म्हणून स्थापन झालेल्या संघटनेचे ते सरचिटणीस होते.

पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना ही संस्था स्थापन झाली. पुढे दोराबजी तिचे अध्यक्ष झाले. तेथील क्रीडास्पर्धांत त्यांना एक वेगळेच दृश्य दिसले. धावायला आलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. दिवसभर शेतात राबायचे आणि साधी भाजीभाकरी खायची, असे त्यांचे जीवन होते. स्पर्धेचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत धावायची असते, हेही तेथे कोणाला माहीत नव्हते.

त्या दिवसाची मोठी शर्यत सुमारे २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरांची होती. हे अंतर किती, याचा अंदाज घ्या. पुण्याहून सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यातील यवतला जायचे किंवा नगर रस्त्याने शिरूर तालुक्यातील शिक्रापूरला जायचे, तर जवळपास एवढेच चालावे लागते. शिरूर-दौंडकडच्या मुलांना कडक उन्हात तापलेली मुरमाची वाट चांगली माहीत असते. तशाच खडबडीत रस्त्यांवर हे शेतकरी अनवाणी धावत होते. तरीही पहिल्या तीन-चार जणांनी लावलेला वेळ पाहून दोराबजी थक्क झाले. युरोपातील धावपटूंच्या वेळेशी त्याची तुलना करता येत होती.

१९२० मध्ये बेल्जियम देशातील अँटवर्प शहरात ऑलिंपिक सामने होणार होते. दोराबजींनी तीन धावपटूंना स्वतःच्या खर्चाने तेथे पाठवायचे ठरवले. योग्य शिक्षण आणि चांगला आहार मिळाला, तर ही मुले देशाचे नाव काढतील, अशी त्यांना आशा होती. ही बातमी कळताच पुण्यातील मंडळी उत्साहाने पुढे आली. मग तीनऐवजी सहा जणांचा चमू तयार झाला. त्यात चार धावपटू आणि दोन मल्ल होते.

या धावपटूंपैकी एक होते बेळगावकडचे फडेप्पा चौगुले. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉन धावले. ही शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती. हवा थंड आणि पावसाळी होती. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन सुमारे २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. चौगुले यांना सुमारे २ तास ५० मिनिटे लागली. त्यांचा क्रमांक १९ वा आला. त्यांचे सोबती सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. इतर धावपटूही मागे पडले. मल्ल रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. सहाही जण रिकाम्या हातांनी परतले.

केवढी ही निराशा! हजारो मैलांचा प्रवास, एवढा खर्च, एवढी आशा. आणि एकही पदक नाही. आपल्या लोकांना हे जमणार नाही, असे म्हणून दोराबजी गप्प बसू शकले असते. पण त्यांनी काम सोडले नाही. घाईने निवडलेला एक चमू पुरेसा नव्हता. गावोगावच्या खेळाडूंना नियम कळावेत, सामने मिळावेत आणि त्यांतून उत्तम खेळाडू निवडले जावेत, यासाठी देशभर व्यवस्था हवी होती. ती उभी करण्याच्या कामाला दोराबजींनी हातभार लावला. वेगवेगळ्या प्रांतांत क्रीडासंघटना निघाल्या. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय स्पर्धा भरल्या आणि त्यातून निवडलेले खेळाडू पॅरिसच्या ऑलिंपिकला गेले.

पण यश लगेच मिळाले नाही. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये भारताचे महादेव सिंग २९ वे आले. चार वर्षांच्या मेहनतीनंतर क्रमांक वर जाण्याऐवजी खाली घसरला! याच वर्षी दोराबजींच्या पोलाद कारखान्यावरही मोठे संकट आले. कामगारांचा पगार देण्यापुरताही पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःची संपत्ती आणि पत्नी मेहेरबाई यांचे दागिने बँकेत तारण ठेवले व कारखाना वाचवला. दोन्हीकडे अपयश समोर उभे होते. पण दोराबजींनी ना कारखाना बंद केला, ना खेळाकडे पाठ फिरवली. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅम येथे भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

३ जून १९३२ रोजी जर्मनीत दोराबजींचे निधन झाले.  पण त्यांनी लावलेले रोप वाढत गेले. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला त्यांचा सहावा क्रमांक आला होता. तेही हरल्यावर थांबले नव्हते. मैदानी खेळांतील भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक नीरज चोप्रा यांनी २०२१ मध्ये भालाफेकीत जिंकले. अँटवर्पच्या शर्यतीला तेव्हा १०१ वर्षे झाली होती.

मित्रांनो, शर्यतीत मागे पडलात, तर वाईट वाटणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण घरी गेल्यावर शांतपणे विचार करा. सराव कमी पडला का? झोप आणि आहार नीट होता का? सुरुवातीलाच फार जोरात धावलात का? जे कमी पडले, ते भरून काढा. आणि तुमच्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी शर्यतीत शेवटी आली, तर हसू नका. दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना तिला किंवा त्याला हाक मारा. पाठीराखा असाच असतो.