जामखेडच्या लेकरांची डॉक्टर : मेबल आरोळे

मूल शाळेच्या पटावर यायचे, तर ते आधी जगले पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी जामखेड परिसरात ही साधी गोष्टही सहजसाध्य नव्हती. १९७१ च्या सुमारास तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. हे चित्र पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. मेबल आरोळे यांचे नाव अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला विसरता येणार नाही.

मेबल यांचा जन्म १९३५ मध्ये जबलपूर येथे झाला. वडील प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकत असताना नगर जिल्ह्यातीलच रजनीकांत आरोळे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९६० मध्ये विवाहबद्ध होताना दोघांनी खेड्यातील गोरगरिबांच्या सेवेचे व्रत घेतले. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. टाळता येण्याजोगे तेच ते आजार घेऊन रुग्ण पुनःपुन्हा दारी येत होते. औषधाने रोगी बरा होई, पण रोगाचे मूळ गावातच राही. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले.

पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ उभा ठाकला. उपाशी बालकांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला आणि निरनिराळ्या जातींची लेकरे एका पंगतीत बसली. कूपनलिका दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरल्याने पाण्यासाठी सारे गाव तेथे येऊ लागले. मात्र खेड्यात राहण्यास परिचारिका मिळेनात. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवण्याचा निर्णय झाला. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणीही वर्ज्य मानले जाई, त्यांच्या हाती बाळंतीण आणि बाळ सोपवायचे, हे धाडस होते. मुलांची वजने घेणे, लसीकरण, जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी पाजणे, स्वच्छता राखणे हे सारे या स्त्रिया शिकल्या आणि घरोघरी पोहोचवू लागल्या. १९९० च्या दशकात बालमृत्यूचा दर तिशीच्या आत आला.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाची दखल घेतली गेली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये दोघांनी या कार्याची हकीकत ग्रंथरूपाने मांडली. मेबल १९९९ मध्ये निवर्तल्या, तर रजनीकांत २०११ मध्ये.

२००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्या याच विचाराच्या वारसदार होत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. किडलेल्या दातांपासून हृदयाच्या जन्मजात दोषापर्यंत अनेक व्याधींची नोंद त्यांत होते. पथक मात्र तपासून पुढच्या गावी जाते. त्यानंतर रोज दात घासले जातात का, पानात भाजी पडते का, सांगितलेल्या रुग्णालयात मुलाला नेले का, हे पाहणारे माणूस गावातच असावे लागते. असे माणूस गावातच घडवता येते, हे मेबल आरोळे यांनी जामखेडला सिद्ध केले. शालेय आरोग्याची धुरा वाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या चरित्रातून एवढे घेतले तरी पुरेसे आहे.