पाशेन : ठिणगीचा हिशेब मांडणारा माणूस

बारावीच्या फिजिक्समधली हायड्रोजनची ‘पाशेन सिरीज’ आठवते? पुढे इलेक्ट्रिकलवाल्यांना हाय व्होल्टेजच्या पेपरात ‘पाशेनचा नियम’ भेटतो. हे दोन्ही पाशेन एकच, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही!

फ्रीडरिश पाशेन यांचा जन्म २२ जानेवारी १८६५ रोजी जर्मनीतल्या श्वेरिन गावी झाला. स्ट्रासबुर्गला ऑगस्ट कुंट यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. विषय वरवर अगदी साधा होता. दोन धातूंच्या गोळ्यांमध्ये गॅस ठेवला, तर ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागतं? हवा, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन, प्रेशर आणि अंतर बदलत त्यांनी मोजमापं केली. १८८९ साली निष्कर्ष छापून आला : व्होल्टेज ठरतं ते प्रेशर आणि अंतर यांच्या गुणाकारावर. तेव्हा ते जेमतेम चोवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्या सीनियर्सपेक्षा थोडेच मोठे.

या नियमाचा आलेख दरीसारखा असतो. हवेसाठी दरीचा तळ साधारण ३३० व्होल्टला येतो. तळाच्या उजवीकडे गॅस दाट, इलेक्ट्रॉनला वेग घ्यायच्या आधीच टक्कर! डावीकडे गॅस इतका विरळ, की इलेक्ट्रॉन कुणालाही न धडकता पलीकडे पोहोचतो. दोन्हीकडे ठिणगी पडणं अवघड. खरी गंमत डाव्या बाजूला आहे, कारण तिथे अंतर कमी केलं की ठिणगी उलट आणखी अवघड होते. रडारमध्ये वापरलेला हायड्रोजन थायरेट्रॉन याच बाजूला चालतो. ग्रिड आणि अॅनोड अगदी जवळ, प्रेशर कमी, म्हणून तो हजारो व्होल्ट अडवून धरतो आणि ग्रिडला पल्स दिला की पेटतो. गॅसचं प्रेशर जरा वाढलं, तर पल्सची वाट न बघता आपणहून पेटतो, मग सर्किटचे बारा वाजलेच समजा.

पाशेन स्वतः मात्र स्पेक्ट्रमकडे वळले. १९०१ मध्ये ट्युबिंगेनला प्रोफेसर झाले, १९०८ मध्ये ती सिरीज सापडली. १९१६ मध्ये हेलियमच्या रेषा बारकाईने बघण्यासाठी त्यांनी पोकळ कॅथोडची डिस्चार्ज ट्यूब वापरली. पोकळीच्या भिंती इलेक्ट्रॉनला सारख्या परतवतात, त्यामुळे तो आतच येरझाऱ्या घालतो आणि कमी प्रेशरलाही भरपूर आयन तयार करतो. या मोजमापांमुळे बोर आणि सोमरफेल्ड यांच्या थिअरीला भक्कम आधार मिळाला.

१९२४ मध्ये ते बर्लिनच्या राष्ट्रीय मापन संस्थेचे प्रमुख झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि पाशेन यांची खुर्ची गेली. ती मिळाली योहानेस श्टार्क यांना. श्टार्क नोबेलवाले खरे, पण हिटलरचे कट्टर समर्थक. सल्ला विचारलेल्या शास्त्रज्ञांचा या नेमणुकीला विरोध होता, तो सरकारने धुडकावला. मला तरी हा भाग वाचताना सगळ्यात जास्त राग आला. पाशेन २५ फेब्रुवारी १९४७ रोजी पॉट्सडॅम इथे वारले.

१९७९ मध्ये एर्लांगेनच्या क्रिस्टियानसेन आणि शुल्टहाइस यांनी ‘स्यूडोस्पार्क’ जगापुढे आणला. त्यावरून पुढे जे स्विच बनले, ते पाशेनच्या आलेखाच्या डाव्या बाजूला चालतात. पेटतात पोकळ कॅथोडमध्ये, आणि हजारो अँपिअर सोडतात. म्हणजे १८८९ आणि १९१६ची दोन्ही कामं एकाच डब्यात!