कवटी न उघडणारा शल्यविशारद : लार्स लेक्सेल

मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या मज्जातंतूंना अगदी लागून, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. शरीरातील इतर अनेक ग्रंथींवर तिची सत्ता चालते. तिच्यात संप्रेरके स्रवणारे अर्बुद वाढले, की कोणाचा जबडा व हातपाय बेढब वाढतात, तर कोणाचा चेहरा वाटोळा होऊन स्नायू व हाडे झिजू लागतात. अशा दुर्गम जागी शस्त्र न चालविता पोहोचण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला, ते स्वीडनचे लार्स लेक्सेल.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी गोटेनबर्ग शहराजवळ झाला. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९३५ मध्ये ते हर्बर्ट ऑलिव्हक्रोना या विख्यात मेंदूशल्यविशारदांच्या हाताखाली दाखल झाले. मेंदूची शस्त्रक्रिया त्या काळी रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांमुळे अनेकदा प्राणावर बेतत असे. मेंदूसारख्या नाजूक अवयवासाठी कोणतेही हत्यार पुरेसे नाजूक ठरणार नाही, ही जाणीव त्यांच्या पुढील संशोधनाची प्रेरणा ठरली.

१९४९ मध्ये त्यांनी डोक्याला बसविण्याची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यावरील अर्धवर्तुळाकार कमानीचा मध्यबिंदू म्हणजेच मेंदूतील लक्ष्य. त्यामुळे कमानीवरून कोठूनही निघालेली सुई तेथेच पोहोचे. मग सुईऐवजी किरणच का नकोत? १९५१ मध्ये त्यांनी या कल्पनेस 'रेडिओसर्जरी' असे नाव दिले. प्रथम क्षकिरण, नंतर बॉर्ये लार्सन या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने प्रोटॉनांचे झोत, असे प्रयोग झाले. अखेर १९६८ मध्ये कोबाल्टचे १७९ स्रोत असलेले 'गॅमा नाइफ' रुग्णसेवेत आले. प्रत्येक किरण एकटा दुर्बळ. मात्र सारे एकवटतात तेथेच त्यांचा प्रभाव पडतो.

हे यंत्र मुख्यतः असह्य वेदना व कंपवात यांसाठी योजिलेले होते. परंतु त्याची खरी उपयुक्तता अर्बुदांवरील उपचारांत प्रकट झाली, आणि १९७० नंतरच्या दशकात कारोलिन्स्का रुग्णालयात पीयूषिकेच्या रुग्णांवरही ते वापरले गेले.

या उपचाराच्या मर्यादाही आहेत. प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या अर्बुदांवर प्रथम औषधे, तर इतर बहुतेकांवर प्रथम नाकावाटे शस्त्रक्रिया केली जाते. त्यातून उरलेल्या वा पुन्हा उद्भवलेल्या अर्बुदासाठी किरणांचा आधार घेतात. संप्रेरकांची पातळी उतरण्यास महिने, कित्येकदा वर्षे लागतात. दृष्टीचे तंतू जपावे लागतात. उरलेली निरोगी ग्रंथीही कालांतराने मंदावू शकते. म्हणून रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवणे अगत्याचे असते.

१९६० मध्ये गुरूंच्या जागी कारोलिन्स्कात प्राध्यापक झालेले लेक्सेल १९७४ मध्ये निवृत्त झाले. १२ जानेवारी १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९७ मध्ये त्यांचे यंत्र मुंबई व दिल्ली येथेही आले. आपल्या हातातील शस्त्राच्या मर्यादा ओळखून त्याला पर्याय शोधणारा हा शल्यविशारद म्हणूनच असंख्य रुग्णांचा उपकारकर्ता ठरला.