खापर आणि खराटा

गेल्या २० डिसेंबरला आमच्या उदगिरात एके ठिकाणी गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. वक्ता मी. तसबिरीला हार, तसबिरीशेजारी बाजारातून आणलेला कोरा करकरीत खराटा, त्यालाही हार. पाऊण तास बोललो, टाळ्या पडल्या. मग चहा आला. कागदी पेले, आतून प्लास्टिकचा थर दिलेले. मी प्यालो आणि पेला टाकायला काही दिसेना म्हणून हळूच खुर्चीखाली सरकवला. माझ्यासारखी दीड-दोनशे माणसे तिथे होती. सभागृह रिकामे झाले तेव्हा खुर्च्यांखाली काय पसरले होते ते सांगायला नको. हार घातलेला खराटा मात्र जागचा हलला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली. सकाळी अंगण झाडताना मात्र तो पेला आठवला, आणि ज्यांच्यावर आपण पाऊण तास बोललो ते बाबा आपल्याला कितपत ठाऊक आहेत, असा प्रश्न पडला.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परटाची. बाप दारूने गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथे मामाच्या शेतात डेबूने गुरे वळली, नांगर धरला. अक्षरओळख नव्हती. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात जायची वेळ आली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कुणालाच वाचता येत नव्हते. बाबा जन्मभर कीर्तनात कर्ज आणि शिक्षण हे दोन विषय सोडत नसत, त्याचे मूळ या शेतात आहे. लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची, ती या जावयाने दिली नाही, गोड जेवण घातले. जातवाले रुसले. कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्या समाजातले हे पहिले बंड, तेही स्वतःच्या घरात.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेली गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर. ऊन लागले तर तीच टोपी, तहान लागली तर तोच पेला, भाकरी मिळाली तर तेच ताट. मला सर्वांत मोठे वाटते ते हे खापर. लोकांनी टाकून दिलेली वस्तू उचलायची आणि तिच्यावर पन्नास वर्षे काढायची! लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. शेवटी टिकले ते गाडग्याचेच नाव.

गावात शिरले की बाबा कुणाला काही न विचारता झाडायला लागत. गटारी, पाणवठा, देवळापुढचे आवार. दुपारपर्यंत कुणी वेडा समजून हसे, कुणी लाजून स्वतः झाडू घेई. भूक लागली तर कुणाचे लाकूड फोडून, काही काम करून देऊन चटणी-भाकरी मागायची. फुकट घ्यायचे नाही. आणि रात्री कीर्तन. दिवसा गाव झाडले आणि रात्री मने झाडली, असे वाक्य आम्ही वक्ते हमखास टाकतो. मीही त्या दिवशी टाकले होते. ते वाक्य फार सोयीचे आहे. मनावर आलो की गटारीची गोष्ट संपते.

त्या कीर्तनात वेदान्त थोडा आणि संसार फार. वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडून काढून घ्यायचे. देवाला बकरा कापू नका, शिवाशीव पाळू नका, दारू पिऊ नका, सणासाठी ऋण काढू नका. ताट मोडावे लागले तर हातावर भाकरी खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पाहुणचारात हात आखडावा, पण मुलाला शाळेत घालावे. हे ऐकवणाऱ्याच्या स्वतःच्या हातात ताट नव्हतेच.

आमच्या भागाला काटकसर नवी नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात उदगिरातही आमच्या घरी भाजी धुतलेले पाणी झाडाला जाई, कपड्यांचे पाणी मोरीत आणि संडासात. आंघोळ एका बादलीत. पाहुणा आला तर अर्धाच पेला भरून द्यायचा, उष्टे पाणी फेकायचे नाही. नळाला आलेल्या पाण्याचा थेंबन् थेंब आम्ही ओळखत होतो. मग पाऊस झाला. दोन महिन्यांत मोटार लावून अंगण धुणे पुन्हा सुरू झाले, आणि त्यात मी होतो.

बाबांचे वेगळेपण मला इथे दिसते. त्यांच्या हातून पैसा कमी गेला असे नाही. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत, तिथे त्यांनी घाट बांधवला. पंढरपूरला १९१७ साली चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, कारण अस्पृश्य वारकऱ्यांना दुसरीकडे पाठ टेकायला जागा नव्हती. (आमच्या बाजूचे वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीला जातात. त्यांत जातीमुळे उघड्यावर निजणारेही असणारच.) नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ खेड्यातून आलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठी. लाखोंची वास्तू उठे आणि बाबा बाहेर झाडाखाली झोपत. पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ मध्ये सारा पसारा मिशनच्या विश्वस्तांच्या हाती दिला. घरच्यांना त्यातला कण मिळणार नाही याची काळजी घेतली. खापर मात्र तेच. टंचाई आमच्यासाठी संपली की आमची काटकसर संपते. त्यांच्यापुढे विपुलता उभी राहिली तेव्हाही त्यांची संपली नाही.

याची किंमत दुसऱ्यांनीही मोजली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुंताबाई लेकरांना घेऊन मागे राहिल्या. नवऱ्याने उभारलेल्या इमारतींत त्यांना हक्काची जागा नव्हती. एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली, आणि कीर्तन थांबले नाही. लोक हा प्रसंग डोळे पुसत सांगतात. मला मात्र त्या वेळी कुंताबाई कुठे असतील, हेच आठवत राहते. कुटुंबवत्सल माणसाने बाबांसारखे व्हावे असे माझ्याने लिहवणार नाही. निदान चहाचा पेला तरी आपला न्यावा, एवढे मला जमण्यासारखे होते.

६ डिसेंबर १९५६ ला डॉ. आंबेडकर गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी वाटेतच देह ठेवला. समाधी अमरावतीला आहे. २००० साली त्यांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यात कित्येक गावांनी खरोखर कष्ट केले. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांना आणि प्लास्टिकच्या पेल्यांना बंदी आली. सभागृहातल्या पेल्यांना आतून थर होता, बाहेरून ते कागदाचे दिसत.

त्याच मंडळींनी येत्या डिसेंबरसाठी परवा पुन्हा विचारले. मी येतो म्हटले. फक्त चहा घरून आणलेल्या पेल्यांत द्यावा आणि निघताना प्रत्येकाने आपली खुर्ची उचलून खालची जागा झाडावी, एवढे पत्रिकेत छापा, अशी विनंती केली. बैठकीत विचारून कळवतो, असे ते म्हणाले. अजून निरोप आलेला नाही.